एका गावची पलटण

आपल्या एखाद्या ज्ञातिबांधवाच्या घरी पहिल्या महायुद्धातील रुप्याचे पदक जपून ठेवलेले असेल, तर त्याची कड निरखून पाहावी. तीवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठसविलेली असते. तेवढ्यावरून घरची मंडळी सांगतात, ‘आजोबा मराठा रेजिमेंटमध्ये होते.’ विधान खरेच आहे. परंतु आजोबा कोठे लढले आणि कोणाच्या शेजारी लढले, याचे उत्तर रेजिमेंटच्या नावात मिळत नाही. ते ब्रिगेडच्या व डिव्हिजनच्या इतिहासात शोधावे लागते.

ब्रिटिश सैन्यात रेजिमेंट म्हणजे कूळ आणि डिव्हिजन म्हणजे नांदते घर, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. १८८१ च्या सुधारणांनंतर इंग्लंडातील पायदळाच्या बहुतेक रेजिमेंटांची नावे परगण्यांशी जोडली गेली. निशाण, परंपरा आणि भरतीचे ठाणे रेजिमेंटचे असे. तिच्या पलटणी मात्र निरनिराळ्या रणांगणांवर विखुरलेल्या असत. लढाई होई ती डिव्हिजनांची. १९१४ साली पलटणीत चार कंपन्या व सुमारे १,००० माणसे असत. चार पलटणींची एक ब्रिगेड आणि तीन ब्रिगेडींची एक डिव्हिजन होई. तोफखाना, इंजिनिअर, दवाखाना व रसद धरून डिव्हिजन सुमारे १८,००० माणसांची भरे, आणि तिच्यासोबत पाच हजारांहून अधिक घोडी असत. तिच्यावर कोअर व आर्मी असे आणखी दोन थर होते. त्यांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

ऑगस्ट १९१४ मध्ये लॉर्ड किचनेर युद्धमंत्री झाले आणि त्यांनी प्रथम एक लाख स्वयंसेवक मागितले. त्याच महिन्यात लिव्हरपूल येथे लॉर्ड डर्बी यांनी एक नवी कल्पना मांडली. एकत्र काम करणाऱ्या मित्रांनी एकत्रच भरती व्हावे आणि त्यांना एकाच पलटणीत ठेवावे, अशी ती कल्पना होती. अशा पलटणींस लोक ‘पाल्स’, म्हणजे सोबत्यांच्या पलटणी, म्हणू लागले. शहराशहरांत चढाओढ लागली. हल शहराने तर चार पलटणी उभारून एक सबंध ब्रिगेडच भरली. पहिली कचेऱ्यांतील कारकुनांची, दुसरी कारागीर-धंदेवाल्यांची, तिसरी खेळाडूंची. चौथीला लोकांनी थट्टेने ‘इतर’ हेच नाव ठेवले! माणूस कोणत्याही देशाचा असो, आपापल्या पंक्तीची त्याची आवड सुटत नाही.

हलची ही ब्रिगेड ३१ व्या डिव्हिजनमध्ये होती. त्याच डिव्हिजनच्या ९४ व्या ब्रिगेडमध्ये शेफील्डची एक, बार्न्स्लीच्या दोन आणि ॲक्रिंग्टन या कापडगिरण्यांच्या लहान गावाची एक पलटण होती. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोम नदीच्या लढाईस आरंभ झाला, तेव्हा सेर खेड्यावर चालून जाण्याचे काम ३१ व्या डिव्हिजनकडे आले. ॲक्रिंग्टनच्या पलटणीतील सुमारे ७०० माणसे पुढे गेली. त्यांपैकी ५८४ ठार, जखमी वा बेपत्ता झाली. त्या एका दिवशी ब्रिटिश सैन्याची ५७,४७० माणसे कामी आली किंवा घायाळ झाली, त्यांतील १९,२४० मृत. सबंध देशाला हा आकडा मोठाच होता. पण ॲक्रिंग्टनसारख्या गावी तो गल्लीगल्लीत, ओळखीच्या दारांवर कोसळला. हलची ब्रिगेड त्या दिवशी राखीव असल्याने वाचली. तिच्यातील ‘खेळाडू’ व ‘इतर’ या पलटणींवर त्याच सेरसमोर १३ नोव्हेंबर रोजी तीच वेळ आली.

भरती करणाऱ्यांस आज दोष देणे सोपे आहे. शेजाऱ्याच्या देखत माणूस पाठ दाखवीत नाही, हा त्यांचा हिशेब खोटा नव्हता. ज्या रचनेने धीर वाढविला तिनेच दुःख एका जागी साठविले, एवढे मात्र त्यांनी मोजले नव्हते.

जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला होता. सोमनंतर जेथे खिंडार पडे तेथे कोठलाही माणूस पाठविला जाऊ लागला. १९१८ च्या आरंभी माणसांच्या तुटवड्यामुळे प्रत्येक ब्रिगेडीत तीनच पलटणी ठेवण्यात आल्या आणि डिव्हिजनच्या बाराच्या नऊ झाल्या. शेफील्डची पलटण तेव्हाच मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, नव्या रंगरुटास आधी एका सामाईक दलात शिक्षण व चाचणी देऊन मगच त्याची नेमणूक ठरविण्यात येऊ लागली.

हिंदी सैन्याची वाट निराळी होती. १८५७ नंतरच्या अविश्वासामुळे येथील ब्रिगेडीत सामान्यतः एक गोरी आणि तीन हिंदी पलटणी ठेवीत. भरती जातवार व प्रांतवार, कंपन्याही बहुधा तशाच; मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या असत. एका जातीचा बोभाटा सबंध ब्रिगेडीत पसरू नये, हाही त्यामागील हेतू होता. इराकात गेलेली सहावी पूना डिव्हिजन याच साच्याची. तिच्या तिन्ही ब्रिगेडींत एकेक मराठा पलटण होती : सोळाव्या ब्रिगेडीत ११७ वी, सतराव्यात १०३ री आणि अठराव्यात ११० वी. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईत डिव्हिजनची चार हजारांहून अधिक माणसे मृत वा जखमी झाली. मागे हटून ती कूट येथे आली. तेथे १४७ दिवस वेढ्यात राहिली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंड यांनी शरणागती पत्करली. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. वाळवंटातील पायपिटीत व कैदेत त्यांतील पुष्कळ जण उपासाने व रोगाने दगावले. तीन ब्रिगेडींत वाटलेल्या मराठा पलटणी अखेर एकाच डिव्हिजनच्या, म्हणून एकाच दिवशी तिन्ही गेल्या. पुढे ११७ वीस ‘रॉयल’ हा किताब मिळाला.

इटलीत १० जुलै १९४४ रोजी यशवंत घाडगे यांनी आणि ९ एप्रिल १९४५ रोजी नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. दोघांची रेजिमेंट एकच, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. परंतु घाडगे दहाव्या हिंदी डिव्हिजनमधील तिसऱ्या पलटणीचे आणि जाधव आठव्या हिंदी डिव्हिजनमधील पहिल्या पलटणीचे. तेव्हा घरातील पदक काढाल तेव्हा कडेवरील आकडा वाचावा. तो १०३, ११० किंवा ११७ असला आणि आजोबा १९१५ साली परदेशी असले, तर प्रथम कूटच्या वेढ्याची हकीगत काढून पाहावी.