अंघोळीच्या बाटलीची कुळकथा

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी वेतनकरारांचा इतिहास सांगेन, फार तर कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हणालो, ‘बॉडी वॉश ह्या वस्तूवर बोलतो.’ ते क्षणभर गप्प झाले. मी थट्टा करीत आहे असे त्यांना वाटले असेल. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो की मी रसायनशास्त्राचा पदवीधर नव्हे. टर्नरचे काम शिकलो, आणि पुढे युनियनच्या कामात जे वाचणे भाग पडले ते रात्री बसून वाचले. श्रोत्यांत कोणी जाणकार असतील तर त्यांनी चुकेल तेथे कान धरावा.

ह्या विषयाकडे मी वळलो तो एका माणसाच्या हातांमुळे. पाचसहा वर्षांपूर्वी चाकणजवळच्या एका कारखान्यात हा तरुण सीएनसी यंत्रावर काम करीत असे. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत कंड सुटू लागली, मग बारीक फोड आले, मग कातडीला भेगा पडल्या. कारखान्याने हात धुण्याच्या जागी ठेवलेला भरड साबण काढून टाकला आणि सुगंधी बॉडी वॉशच्या बाटल्या आणून ठेवल्या. हेतू वाईट नव्हता. परंतु दोन महिन्यांत हात अधिकच चिघळले. मी त्याला म्हटले, ती बाटली घेऊन ये. त्याने आणली. मागच्या बाजूस मुंगीएवढ्या अक्षरांत वीसपंचवीस नावे छापलेली होती. त्यांतले ‘पाणी’ तेवढे मला समजले.

ती नावे समजून घेता घेता मी थेट रिठ्यापर्यंत मागे गेलो. आपल्याकडे केसांना रिठा आणि शिकेकाई, अंगाला डाळीचे पीठ, आणि नरकचतुर्दशीला वाळा, नागरमोथा, कचोरा घातलेले उटणे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांचा. पीठ तेल शोषून घेते, त्यात फारसे गूढ नाही. रिठ्याची गोष्ट मात्र निराळी. त्यातील सॅपोनिन नावाच्या द्रव्याच्या कणाला दोन टोके असतात. एकाला पाण्याची ओढ, दुसऱ्याला तेलाची. एरवी तेल आणि पाणी एकमेकांचे तोंड पाहात नाहीत. हा कण मध्ये उभा राहतो, एक हात तेलाला देतो, एक पाण्याला, आणि मळ पाण्याबरोबर वाहून जातो. मालक व मजूर यांच्यामधल्या मध्यस्थाचे काम मी बरीच वर्षे पाहिले आहे, म्हणून मला हे लवकर कळले. साबण काय आणि बाटलीतले द्रव्य काय, सगळ्यांची मूळ युक्ती हीच.

साबण म्हणजे चरबी किंवा तेल आणि अल्कली यांचा संयोग. फ्रान्समध्ये लब्लांक याने १७९१ साली मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि अल्कली स्वस्त होण्याचा मार्ग खुला झाला. शेव्हरल याने १८२३ च्या आपल्या ग्रंथात चरबीची घडण उलगडून दाखविली. १८८८ साली सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. पहिल्या महायुद्धानंतर आर्देशीर गोदरेज यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पतितेलाचा साबण मुंबईत बाजारात आणला, तो स्वदेशीच्या भरात गाजला. आणि १९३४ साली शिवडीस लिव्हरचा कारखाना सुरू झाला.

साबणाच्या कढईतली एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. तेल व अल्कली शिजल्यावर त्यात मीठ टाकतात. मिठाने साबण वर येतो आणि खालच्या पाण्यात ग्लिसरीन राहते. हे ग्लिसरीन त्वचेला मऊ ठेवणारे. पण नोबेलच्या शोधानंतर त्याची खरी किंमत स्फोटकांत ठरू लागली. पहिल्या महायुद्धात साबणाच्या कढयांतून निघालेले ग्लिसरीन दारूगोळ्याकडे वळले. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा; कॉर्डाइट म्हणजे काय हे त्या बाजूच्या जुन्या कुटुंबांना मी सांगण्याचे कारण नाही. आज बॉडी वॉशच्या बाटलीवर ‘ग्लिसरीनयुक्त’ असे मोठ्या अक्षरांत छापतात. जे वडीतून काढून विकले, तेच बाटलीत घालून पुन्हा विकले. मीठही बाटलीत आहेच, पण तेथे त्याचे काम दुसरे. मळ सोडवणारे द्रव्य पाण्यासारखे पातळ असते. त्यात थोडे मीठ पडले की त्याचे सूक्ष्म पुंजके लांबट होऊन एकमेकांत गुंततात आणि ते मधासारखे दाट दिसू लागते. दाटपणावरून माल कसदार आहे असे आपण समजतो. तो दाटपणा बहुतांशी मिठाचा असतो.

साबणात दोन उणिवा होत्या. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, साबण अल्कधर्मी. धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटते ती त्यामुळे. दुसरी उणीव जड पाण्याची. विहिरीच्या किंवा टँकरच्या पाण्यात चुन्याचे अंश अधिक असले तर फेस होत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट साका धरतो. आमच्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यावर संसार करणाऱ्या बायकांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

ह्या अडचणीवर उपाय निघाला तो टंचाईतून. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा दुष्काळ पडला, तेव्हा तेथील रसायनज्ञ चरबीवाचून धुण्याचे द्रव्य शोधू लागले. १९३० च्या आसपास तेलातील मेदाम्लांपासून अल्कोहोल आणि त्यापासून सल्फेट करण्याची रीत तेथे साधली, आणि १९३३ साली अमेरिकेत अशी भुकटी दुकानात आली. जड पाण्यात तिचा साका होत नसे. बाटलीवरचे ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ ते हेच. ‘लॉरिल’ हा अंश खोबरेल किंवा पामच्या बियांच्या तेलातून येतो. ह्या जातीची द्रव्ये आता आपल्याच राज्यात होतात. मुंबईत १९८० साली निघालेल्या गॅलॅक्सी सर्फॅक्टंट्सचे कारखाने तारापूर व तळोजा येथे आहेत.

लॉरिल सल्फेट कातडीला झोंबते. मळाबरोबर कातडीची स्वतःची स्निग्धताही ते ओढून नेते. म्हणून त्यात इथिलीन ऑक्साइड नावाच्या वायूचे अंश जोडून ‘लॉरेथ सल्फेट’ करतात. एका अक्षराचा फेर, पण कण मोठा होतो, कातडीत कमी शिरतो व सौम्य ठरतो. बहुतेक बाटल्यांत पाण्याच्या खालोखाल हेच नाव असते. येथे मला थोडे थांबावेसे वाटते. जो वायू जोडल्याने अंघोळ सौम्य झाली, त्या वायूची १९९४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसास निश्चित कर्करोगकारक अशा वर्गात गणना केली. बाटलीत तो वायू म्हणून उरत नाही, घाबरण्याचे कारण नाही. पण तो पाइपातून, टाक्यांतून हाताळणारा कोणी माणूस आहे, आणि ‘सौम्य’ ह्या शब्दाच्या हिशेबात त्याची पाळी धरलेली नसते.

उरलेल्या नावांतली बरीचशी नोकरचाकर मंडळी आहेत. ‘कोकामिडोप्रोपिल बीटेन’ हे नाव वाचताना जीभ अडखळते, पण ते लॉरेथचे झोंबणे कमी करते आणि फेस टिकवते. सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबाच्या आंबटपणातलेच आम्ल, बाटलीचा गुणधर्म त्वचेच्या जवळ आणते. ‘ईडीटीए’ पाण्यातल्या चुन्याला बांधून ठेवते. ‘ग्लायकोल डायस्टिअरेट’ मोत्यासारखी झाक देते. त्याने अंग तिळभर अधिक स्वच्छ होत नाही. रंगाचेही तेच. फेसाविषयी तर मोठाच गैरसमज आहे. फेस हे धुण्याचे मोजमाप नव्हे, तो डोळ्यांचा समाधानभाग. आणि तो न्हाणीघरातच राहतो असेही नाही. १९५० नंतरच्या दशकात जर्मनी-इंग्लंडच्या नद्यांवर न विरघळणाऱ्या फेसाचे डोंगर उठले, तेव्हा तेथे जंतूंना पचेल अशी घडण कारखानदारांना करावी लागली. अलीकडच्या वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस वाहताना आपण पाहिला. प्रक्रियेवाचून नदीत सुटलेले सांडपाणी असले की पचणारे द्रव्यही पचत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. साबणाची वडी कोरडी व अल्कधर्मी असते, तिच्यात जंतूंना थारा नाही. बाटलीत बहुतेक पाणीच. पाणी आणि सेंद्रिय द्रव्य एकत्र आले की जंतूंची पंगत बसलीच. ह्या गावाला हे नव्याने सांगायला नको. येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली व पुढल्या वर्षी पेनिसिलिन निघू लागले. पाहिजे ती बुरशी वाढवायची आणि नको तो जंतू टाकीत शिरू द्यायचा नाही, ह्यावर तो सगळा कारखाना उभा राहिला. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून टिकवणारी द्रव्ये घालावी लागतात. ती नसती तर दोनचार आठवड्यांत आपण रोगजंतूंनीच अंघोळ केली असती. म्हणून त्यांना सरसकट शिव्या देणाऱ्यांशी मी सहमत नाही. ह्या द्रव्यांत ‘मिथाइलआयसोथायाझोलिनोन’ आणि त्याचे क्लोरीनयुक्त भावंड, ही एक जोडी आहे. प्रमाण इतके अल्प की युरोपात धुऊन टाकण्याच्या वस्तूंत दहा लाख भागांत पंधरा भाग एवढीच मर्यादा आहे. पहिले द्रव्य एकटे वापरण्यास तेथे २००५ साली अधिक मोकळीक मिळाली, आणि पुढे त्वचेच्या ॲलर्जीची लाटच आली. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने २०१३ चा ‘ॲलर्जीकारक’ म्हणून त्याचेच नाव जाहीर केले. २०१७ पासून अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये युरोपाने ते बंद केले.

हे वाचत असताना मला शुक्रवारची सकाळ आठवली. आमच्या पिंपरी-भोसरीकडे गुरुवारची सुटी. दिवसभर यंत्रे बंद राहिली की शुक्रवारी कूलंटच्या टाकीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, हे प्रत्येक टर्नर जाणतो. कूलंट म्हणजे काय? पाणी आणि तेल एकत्र राहावे म्हणून मध्यस्थ द्रव्य घातलेले मिश्रण. बाटलीचा दांडगा भाऊच म्हणा. त्यातही जंतू वाढतात, आणि ते मारण्यास त्याच घराण्यातील द्रव्य घालतात.

सुगंधाविषयी थोडे सांगतो, कारण माझा पहिला संशय त्याच्यावर होता. १८६८ साली पर्किनने कुमारिन हे सुवासिक द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले, तेव्हापासून अत्तर हे फुलांपुरते राहिले नाही. ‘परफ्यूम’ ह्या एका शब्दाखाली पन्नास द्रव्ये बसू शकतात. संत्र्याच्या सालीतले लिमोनिन, धन्यातही असणारे लिनालूल, ही हवा लागून जुनी झाली की ॲलर्जीकारक बनतात. म्हणजे ‘नैसर्गिक’ म्हटल्याने सुटका नाही. युरोपात २००५ पासून अशा सव्वीस द्रव्यांची नावे स्वतंत्र छापणे सक्तीचे झाले, ती यादी पुढे वाढली, आणि त्यांतले लिलिअल २०२२ मध्ये सौंदर्यप्रसाधनांतून बादच केले गेले. आपल्याकडे २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे घटक छापावे लागतात. एक टक्क्याहून अधिक असलेले उतरत्या क्रमाने, बाकीचे कसेही. तेव्हा जो उपद्रव देतो तो बहुधा यादीच्या शेपटाशी, अक्षरांच्या गर्दीत असतो.

त्या तरुणाला आम्ही त्वचारोगतज्ज्ञाकडे नेले. पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या टिकल्या चिकटवून दोन दिवस ठेवल्या, आणि काढल्यावर दोनदा तपासले. सुगंध निर्दोष सुटला. लाल चट्टा उठला तो टिकवणाऱ्या द्रव्याच्या जागी. बाटलीतले ते नाव आम्हांला सापडले; पण बाटली तर दोन महिन्यांचीच होती, फोड त्याआधीचे. तेव्हा कूलंटच्या पिंपात काय आहे हे पाहावयास हवे होते. अंघोळ करणाऱ्याला दुकानात फुकट वाचायला मिळते ते यंत्रावर उभ्या असलेल्याला मागूनही मिळेना. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला आरोग्य-सुरक्षिततेची माहिती मागण्याचा हक्क मिळाला होता. गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ मध्ये, त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. तेव्हा मात्र तोच लागू होता, आणि त्याचे कलम लिहून मी पत्र दिले. तीन पत्रांनंतर माहितीपत्रक मिळाले. त्याच्या तिसऱ्या पानावर तेच लांबलचक नाव होते.

म्हणजे हा माणूस आठ तास ते द्रव्य कूलंटमधून घेत होता, आणि कूलंट धुऊन काढण्यासाठी पाळीत सातआठ वेळा तेच, अल्प का होईना, भेगाळलेल्या कातडीवर चोळत होता. बाटल्या आठवड्यात बदलल्या. कूलंटला वर्ष लागले. त्याचे प्रमाण मोजून घालण्याची पद्धत आली, हातमोजे आले. कंत्राटी मुलांना मात्र ते हातमोजे अजून मागावे लागतात. त्याला जुळणी विभागात काम मिळाले व हात पुष्कळ सुधारले.

परंतु ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. पाण्यात कालवलेल्या भिंतीच्या रंगांतही तेच द्रव्य असते. शेजाऱ्याने खोली रंगविली तेव्हा ह्याचे डोळे सुजले. गेल्या दिवाळीत त्याच्या स्वतःच्या घराला रंग द्यावयाचा होता. मी गेलो तेव्हा तो शिडीवर उभा राहून आजोबांच्या वेळेसारखा चुना लावीत होता, आणि खाली त्याची बायको वाण्याकडून आणलेली बाटली उजेडात धरून शेवटची ओळ वाचीत होती.