उपविजेत्याचे पुढचे वर्ष

सातारा जिल्ह्यात ‘पलटण’ या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. अपशिंग्याने तर आपल्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडून घेतले आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या काशिलिंग अडकेने व्यावसायिक कबड्डीत नाव मिळवले. त्यामुळे ‘पुणेरी पलटण’ या संघाचे यशापयश आमच्याकडे परके वाटत नाही.

१७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत प्रो कबड्डीच्या नवव्या पर्वाच्या अंतिम सामन्यात पलटण जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे तिचे दोन प्रमुख चढाईपटू दुखापतीमुळे त्या सामन्यात नव्हते. पराभवाचे कारण सांगायला एवढे पुरेसे होते. तोच संघ तसाच पुढे चालवणेही सोपे होते.

पण तसे झाले नाही. इराणचा अनुभवी कर्णधार फझल अत्राचली याला मुक्त करण्यात आले. त्याचाच तरुण देशबांधव मोहम्मदरझा शादलुई याच्यासाठी लिलावात २ कोटी ३५ लाख रुपये मोजले गेले, आणि नेतृत्व आले नगर जिल्ह्यातल्या अस्लमकडे. प्रशिक्षक बी. सी. रमेश मात्र कायम राहिले. दहाव्या पर्वात साखळीतील २२ सामन्यांत पलटण केवळ दोनदा हरली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून तिने पहिले विजेतेपद मिळवले.

ही सूडकथा म्हणून वाचण्याचा मोह होतो. परंतु तपशील त्याला साथ देत नाहीत. जयपूर अंतिम सामन्यात नव्हतेच. हरियाणाने त्यांना उपांत्य फेरीतच रोखले होते. जुना हिशेब चुकता झाला नाही, तरी विजेतेपद मिळाले. आणि ते टिकलेही नाही: पुढच्या पर्वात पलटणीला बाद फेरी गाठता आली नाही, आणि २०२५ मध्ये दिल्लीकडून ३१-२८ अशी हार पत्करून ती पुन्हा उपविजेती ठरली.

वर्गात शोकांतिका शिकवताना आपण नायकाच्या पतनापाशी थांबतो. संघाला तसे थांबता येत नाही. कोणाला निरोप द्यायचा आणि कोणावर विश्वास टाकायचा, हा प्रश्न त्याच्यापुढे दुसऱ्या दिवशी उभा राहतो. पलटणीने २०२३ मध्ये त्याचे उत्तर एका तरुणावर विश्वास टाकून दिले. इतिहासाच्या अभ्यासकाला चषकाइतकीच त्या निर्णयाचीही नोंद घ्यावी लागेल.