कासवाची आण: एका गोंडी गाण्याची कुळकथा

परधान दारी आला की गोंडाच्या अंगणात किंगरीवर गज फिरू लागतो. परधान हा गोंडांचा कुळगायक. यजमानाचे कूळ कुठून आले, देव कोणते, सोयरे कोण, हे तो गाऊन सांगतो आणि दान घेऊन पुढच्या गावाला जातो. त्याची पोथी त्याच्या गळ्यातच असते.

 पण गोंडांचे सर्वात मोठे गाणे, त्यांचा धर्मसंस्थापक पहांदी पारी कुपार लिंगो याचे, कागदावर उतरले ते नागपूरच्या मुलखात. १८४५ मध्ये नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ते एका परधानाकडून मिळवले. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडाले. त्यांच्यामागे उरलेली टिपणे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत हे गाणे आहे: गोंडी शब्द रोमन अक्षरांत, जोडीला त्यांचा इंग्रजी अर्थ.

गाण्यात ढग गडगडतात, फूल उमलते आणि त्यातून लिंगो जन्मतो. अंग हळदीने माखते, तोंडात मधाचे थेंब पडतात. पुढे गोंड गुहेत कोंडले जातात. त्यांना सोडवायचे तर बिंदो पक्ष्याची पिल्ले आणावी लागणार. लिंगो समुद्रकाठी जातो आणि पिल्ले गिळणाऱ्या भुजंगाला मारतो. मग तेच पक्षी त्याला पाठीवर घेऊन उडतात. गुहेची शिळा सरते, माणसे बाहेर येतात. वाटेत नदीला पूर. चौघे मागे राहतात. मगर पाठीवर घेऊन त्यांना बुडवू पाहते, कासव तारते. म्हणून कासवाची आण. ज्या कुळाचे देवक कासव, ते कासव मारत नाही.

पाखरे इतरत्रही गाण्यांत आणि बोलण्यात येतात. तुर्की लोकगीतांत क्रौंच पक्षी दूरच्या प्रियजनाला निरोप नेतो. आपल्या घरी कावळा ओरडला की पाहुणा येणार म्हणतात. तिथे पाखरू मनातली हुरहूर वाहते. लिंगोच्या गाण्यात मात्र पक्षी, कासव, फूल ही उपमा नाहीतच; ती नात्यातली आहेत, आणि नाते म्हटले की ते पाळावे लागते. मला या गाण्याची थोरवी इथे दिसते.

छापील पाठ हे एका परधानाचे सांगणे. गोंड समाजाने आपले सांगणे पुढे स्वतः मांडले; नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी लिंगो आणि कोया पुनेम या गोंडी धर्मावर आयुष्यभर लिहिले. गुहेची जागा समाज गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला मानतो. माघ पौर्णिमेला दूरदूरचे गोंड तिथला डोंगर चढतात. ज्या गुहेतून पूर्वज बाहेर आले, तिच्या तोंडाशी नातवंडांना घेऊन उभे राहतात. पुस्तक न उघडता मुलांना आपले कूळ कळते, आणि कुळातले कासवही.