‘जुना आजार’ : आरोग्यविम्यातील एका कलमाचा इतिहास

आरोग्यविम्याची पॉलिसी आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे; ती सबंध वाचलेले लोक मात्र थोडे. विम्याची रक्कम आणि हप्ता आपण पाहतो आणि कागद कपाटात ठेवतो. परंतु रुग्णालयात दाखल झाल्यावर कंपनी पैसे देईल की नाही, हे अनेकदा आतल्या पानांवरच्या एका शब्दावर ठरते. इंग्रजीत त्याला ‘प्री-एक्झिस्टिंग डिसीज’ म्हणतात. आपण ‘जुना आजार’ म्हणू. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेला आजार, असा त्याचा साधा अर्थ. आरोग्यविम्यावर शासनाचे नियंत्रण आले म्हणजे काय झाले आणि रुग्णाच्या पदरात काय पडले, हे या एका शब्दाच्या वाटचालीत स्पष्ट दिसते.

हे कलम मुळातच अन्यायाचे आहे, असे मानू नये. विमा म्हणजे अनेकांनी मिळून उभी केलेली गंगाजळी. आजार जडल्यावरच जो तो विमा घेऊ लागला, तर ती चार दिवसांत आटेल. प्रश्न वेगळाच आहे. हे कलम किती वर्षे रुग्णाच्या डोक्यावर टांगते ठेवायचे, आणि आजार जुना आहे हे कोणी सिद्ध करायचे?

आयुर्विम्यापुरते या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे १९३८ सालीच मिळाले होते. त्या वर्षीच्या विमा कायद्याच्या ४५ व्या कलमाने ठरवले, की पॉलिसीला दोन वर्षे झाल्यावर अर्जातली माहिती चुकीची होती एवढ्याच कारणाने कंपनीला ती नाकारता येणार नाही; महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून, फसवण्याच्या हेतूने लपवली हे कंपनीने दाखवून द्यावे. (२०१५ च्या दुरुस्तीने ही मुदत तीन वर्षांची झाली.) त्यामागचा विचार उघड आहे. ज्याने अर्ज भरला तो आता हयात नाही. एजंटला त्याने काय सांगितले होते, हे वारसांनी कोठून सांगावे?

आरोग्यविम्याला हे संरक्षण नव्हते. १९७२ च्या कायद्याने साधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे १९८६ मध्ये चार सरकारी कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणली. मध्यमवर्गाला स्वतःहून घेता येईल असा आरोग्यविमा त्यातून देशभर पोचला. पण जुना आजार तिच्यातून सरसकट वगळलेला होता. रक्तदाब किंवा मधुमेह नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला, हे रुग्णालाच काय, डॉक्टरलाही सांगता येत नाही. पॉलिसीनंतर दोन वर्षांनी हृदयविकार झाला, तर त्याचे मूळ आधीच्या रक्तदाबात दाखवता येई आणि दावा फेटाळला जाई.

त्यात आणखी एक मेख होती. पॉलिसी एका वर्षाची. नूतनीकरण नाकारले किंवा मध्ये खंड पडला, की नव्या पॉलिसीच्या दृष्टीने गेल्या वर्षी झालेला आजारही ‘जुना’ होई. म्हणजे हप्ते भरत असताना जडलेल्या आजारालाही संरक्षण उरत नसे. बिमन कृष्ण बोस विरुद्ध युनायटेड इंडिया या खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर बोट ठेवले. आधीच्या दाव्यावरून वाद झाला म्हणून कंपनीने त्यांची मेडिक्लेम पुढे चालू ठेवण्यास नकार दिला होता. सरकारी कंपनीला असे मनमानी वागता येणार नाही आणि नूतनीकरण म्हणजे मूळचीच पॉलिसी पुढे चालू ठेवणे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

दरम्यान १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण स्थापन झाले. ‘इर्डा’ या नावाने आपण ओळखतो ते हेच. त्याचे मुख्यालय हैदराबादला आहे. पुढची पावले हळूहळू पडली. २००८ मध्ये कंपन्यांनी जुन्या आजाराची एकच व्याख्या मान्य केली आणि सलग ४८ महिन्यांनंतर तो आजारही विम्यात येऊ लागला. ऑक्टोबर २०११ पासून कंपनी बदलताना पुऱ्या केलेल्या प्रतीक्षेची वर्षे सोबत नेता येऊ लागली. २०१३ च्या नियमांनी आजीवन नूतनीकरणाचा हक्क दिला.

सर्वांत मोठे पाऊल २०२० चे. सलग आठ वर्षे हप्ते भरल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज आणि पॉलिसीतच कायमचे वगळलेले आजार सोडून, दाव्याला हरकत घेता येणार नाही, असे प्राधिकरणाने ठरवले. १९३८ मध्ये मृताच्या वारसांना जे मिळाले, ते जिवंत रुग्णाला मिळायला ८२ वर्षे लागली. एप्रिल २०२४ पासून ही मुदत पाच वर्षांवर आली, आणि जुन्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिन्यांची झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यावा लागतो. दावा नाकारायचा तर कंपनीच्या समितीची मंजुरी लागते.

याचा अर्थ अर्जात काहीही लिहावे असा नाही. सतवंत कौर संधू खटल्यात (२००९) मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार लपवल्यामुळे दावा नाकारणे न्यायालयाने योग्य ठरवले. उलट मनमोहन नंदा खटल्यात (२०२१) मधुमेह सांगितलेला असूनही कंपनीने पॉलिसी दिली होती. मग त्याच प्रकृतीचे कारण पुढे करून दावा फेटाळता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहावेत. जो सांगतो त्याच्या पाठीशी कायदा उभा राहतो.

उणिवाही आहेत. हा नियामक विमा कंपन्यांचा आहे. रुग्णालयाचे दर त्याच्या हाती नाहीत. आणि हक्क आजीवन असला, तरी हप्ता परवडला नाही तर तो कागदावरच राहतो. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा अधिक वाढवायचा तर कंपनीने आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटीही गेला. म्हातारपणी पॉलिसी सोडून देणाऱ्यांना यातून आधार मिळेल; पण वयाबरोबर हप्ता चढतोच.

दावा फेटाळला गेलाच, तर नकाराचे कारण लेखी मागून घ्या आणि आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. गोव्याच्या वाचकांसाठी हे कार्यालय पुण्याला आहे, बेळगावकरांसाठी बंगळुरूला, इंदूर-ग्वाल्हेरसाठी भोपाळला, बडोद्यासाठी अहमदाबादला आणि हैदराबादकरांसाठी हैदराबादलाच. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यात लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

आणि नव्याने पॉलिसी घेताना अर्ज एजंटच्या हाती सोपवून नुसती सही करू नये. प्रकृतीविषयीचे प्रश्न स्वतः वाचावेत, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून उत्तरे लिहावीत, अर्जाची प्रत जपून ठेवावी आणि हप्त्यात खंड पडू देऊ नये. पाच वर्षांचे संरक्षण मिळते ते सलग पाच वर्षांनाच.