वनराई बंधारा म्हणजे काय? पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात टँकर पाहणाऱ्या महाड-पोलादपूरची गोष्ट

कोकणात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या अनेक वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. असं का होतं?

पाणी जातं कुठे?

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर आणि महाडवरून वाहत जाते आणि बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. वाटेत ढवळी, कामथी, काळ, गांधारी या नद्या तिला मिळतात. उतार तीव्र आहे, खाली कठीण कातळ आहे आणि समुद्रही जवळ आहे. त्यामुळे पाणी जमिनीत मुरण्याआधीच वाहून जातं.

बंधारा कसा बांधतात?

सिमेंट किंवा खताच्या रिकाम्या गोणींत माती किंवा वाळू भरून तोंड शिवतात. परतीचा पाऊस सरला आणि ओढ्याची धार कमी झाली, की या गोणी विटांसारख्या सांधेमोड करून ओढ्यात आडव्या रचतात. फटींत चिकणमाती भरतात. काठ उंच आणि पात्र अरुंद असेल, अशी जागा निवडतात. जास्तीचं पाणी वरून निघून जातं. सामान जवळपास फुकटात मिळतं. खरा खर्च श्रमाचा असतो आणि तो गावकरी श्रमदानातून भागवतात. कृषी विभाग आणि ग्रामपंचायतीही यासाठी पुढाकार घेतात.

‘वनराई’ हे नाव कुठून आलं?

माजी केंद्रीय मंत्री मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेवरून हे नाव रूढ झालं. विशेष म्हणजे धारियांचा जन्म १९२५ साली महाड तालुक्यातल्या नाते गावी झाला. २००५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

फायदा काय?

अडलेलं पाणी हळूहळू मुरतं आणि आसपासच्या विहिरी जास्त काळ टिकतात. गुरांना पाणी मिळतं. भातानंतर वाल किंवा भाजीपाला घेता येतो.

मर्यादा कोणत्या?

हा बंधारा एका हंगामाचा असतो. पावसाळ्यापूर्वी गोणी काढल्या नाहीत, तर त्या फाटून प्लास्टिक नदीत जातं. म्हणजे दरवर्षी बांधणं आणि काढणं, दोन्ही आलं. गावातले तरुण मुंबई-पुण्याला असतील, तर हे करणार कोण, हा खरा प्रश्न आहे.

शिवाय याने पूर थांबत नाही. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली गेलं. २२ जुलैला तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक जणांचा जीव गेला. अशा संकटांसाठी डोंगरउतारावरची झाडं राखणं, नदीतला गाळ काढणं आणि धोक्याच्या वस्त्यांचं वेळेत स्थलांतर करणं ही वेगळी आणि मोठी कामं आहेत. बंधारा डिसेंबरच्या पाण्यासाठी असतो, जुलैच्या नव्हे.