कानातला मळ, कोमट पाणी आणि नोबेल पारितोषिक

कान धुण्याचे पाणी कोमटच का हवे? वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नाची वाट थेट १९१४ सालच्या नोबेल पारितोषिकापर्यंत जाते.

घट्ट बसलेला मळ आधी मऊ करावा आणि मगच काढावा, हे शहाणपण फार जुने. सुश्रुतसंहितेत या विकाराचे नाव 'कर्णगूथ'. तेल व शेक यांनी मळ सैल करून तो शलाकेने काढावा, असा उपाय तेथे सांगितला आहे. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस यानेही आधी तेल आणि नंतर कोमट पाणी हाच क्रम दिला. 'कोमट' कशासाठी, हे मात्र पुढे कित्येक शतके उकलले नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नातील रुग्णालयात रॉबर्ट बारानी हा तरुण डॉक्टर पिचकारीने रुग्णांचे कान धुत असे. अनेकांना त्या वेळी गरगरे. एका रुग्णाने तक्रार केली, की पाणी पुरेसे ऊन नसले की चक्कर येते. पुढच्या खेपेस पाणी फारच तापले आणि रुग्णाला पुन्हा भोवळ आली! बारानीच्या ध्यानात आले, की त्याचे डोळे आता पूर्वीच्या उलट दिशेने थरथरत आहेत.

दोष पाण्याच्या दाबाचा नव्हता, तापमानाचा होता. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो. थंड झालेला द्रव जड होऊन खाली जातो, तापलेला वर चढतो, बंबातल्या पाण्यासारखेच. शरीर स्थिर असूनही मेंदूला ते फिरत असल्याचा निरोप मिळतो. तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची तपासणी यातूनच उभी राहिली.

पारितोषिक जाहीर झाले तेव्हा बारानी रशियाच्या कैदेत होता. ऑस्ट्रियाच्या सैन्यात शल्यवैद्य म्हणून गेलेला हा संशोधक युद्धकैदी झाला होता. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांच्या मध्यस्थीने १९१६ साली त्याची सुटका झाली आणि त्याने स्टॉकहोमला जाऊन सन्मान स्वीकारला.

आजही डॉक्टर मळ थेंबांनी मऊ करून साधारण ३७ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे शरीराइतक्याच उबदार पाण्याने कान धुतात. पडद्याला छिद्र असेल किंवा कान वाहत असेल, तर पाणी मुळीच घालत नाहीत. आणि कापसाची काडी? ती मळ बहुधा आणखी आतच ढकलते.