शेणखत (नव्या बागेसाठी)

गाय, बैल, म्हैस यांचे शेण, मूत्र व गोठ्यातील उष्टी वैरण एकत्र कुजवून तयार होणारे खत. चांगल्या शेणखतात नत्र साधारण 0.5 टक्का, स्फुरद 0.2 टक्का आणि पालाश 0.5 टक्का असते. रासायनिक खतांपुढे हे आकडे किरकोळ वाटतात. पण नव्या बागेला शेणखत घालायचे ते मुख्यतः सेंद्रिय कर्बासाठी. घर बांधताना वरची सुपीक माती निघून गेलेली असते आणि मुरूम किंवा दाबलेली काळी माती तेवढी उरते. शेणखताने मुरमात ओल टिकते, चिकण माती भुसभुशीत होते आणि सूक्ष्मजीवांना अन्न मिळते.

खत पूर्ण कुजलेले असणे ही पहिली अट, आणि तीच सर्वांत जास्त मोडली जाते. ताज्या शेणातून अमोनिया सुटतो, कोवळी मुळे करपतात. अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्यामुळे सूक्ष्मजीव मातीतलेच नत्र वापरतात आणि रोपे पिवळी पडतात. अशा खतातून हुमणीच्या अळ्या व तणांचे बीही बागेत येते. कुजलेले खत काळपट, भुसभुशीत असते, त्याला मातीचा वास येतो आणि त्यातली काडी ओळखू येत नाही. उकिरड्यावर उघड्या पडलेल्या शेणातले नत्र उन्हाने उडते, पावसाने वाहून जाते. म्हणून खत सावलीतल्या खड्ड्यात कुजवावे, ओलसर ठेवावे, वरून मातीने झाकावे. मूत्रात भिजलेली गोठ्यातली माती त्यात अवश्य घालावी. जनावराने टाकलेल्या नत्राचा मोठा भाग मूत्रात असतो.

भाजीपाल्यासाठी हेक्टरी 20 ते 25 टन, म्हणजे चौरस मीटरला 2 ते 2.5 किलो खत पुरते. निव्वळ मुरमाला पहिल्या वर्षी याच्या दुप्पट द्यावे. ते लागवडीपूर्वी दोन-तीन आठवडे वरच्या वीतभर थरात मिसळावे. फळझाडांचे खड्डे उन्हाळ्यात खणून तापू द्यावेत आणि पावसाळ्यापूर्वी पोयटा माती व शेणखताने भरावेत.

लेंडीखत व कोंबडखत शेणखतापेक्षा बरेच तीव्र असते. कोंबडखतात नत्र सुमारे 3 टक्के असल्याने चौरस मीटरला अर्ध्या किलोपेक्षा जास्त घालू नये. लेंडीखत घेताना शेळ्या कुठे चरतात ते विचारावे: वेड्या बाभळीच्या शेंगा खाणाऱ्या शेळ्यांच्या लेंड्यांतून तिचे टणक बी अखंड बाहेर पडते आणि वाफ्यात रुजते.